कळ दाबल्यावर नेमके काय थांबते? : ‘डीबीएस’ संशोधनाची एक चिकित्सा

कंपवातावरच्या ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ म्हणजे ‘डीबीएस’ या शस्त्रक्रियेची चित्रफीत बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेली असेल. खुर्चीत बसलेला एक माणूस, पाण्याचा पेला धरता येऊ नये इतका थरथरणारा हात, शेजारी डॉक्टरांच्या हातात छोटे यंत्र. कळ दाबली जाते आणि काही सेकंदांत हात शांत होतो. मागे संगीत वाजत असते. पाहणाऱ्याच्या तोंडून ‘चमत्कार’ हा शब्द आपोआप निघतो.

या चित्रफितींत खोटे काही नसते. कळ दाबल्यावर हात खरोखर थांबतो. पण ती शस्त्रक्रियेनंतर कितव्या महिन्यात घेतली, त्यानंतरच्या पाचव्या वर्षी त्या माणसाचे कसे चालले आहे आणि तो त्या फितीत बोलत का नाही, हे आपण विचारत नाही.

मी डॉक्टर नाही, आणि विज्ञानाचे माझे औपचारिक शिक्षणही बेताचे. गेली बारा-तेरा वर्षे या विषयावरचे शोधनिबंध मिळतील तसे वाचत आलो, शब्दकोश शेजारी ठेवून टिपणे काढत आलो. नात्यातल्या आणि ओळखीतल्या काही कुटुंबांनी ‘करावी का हो?’ असे विचारायला सुरुवात केली, तेव्हा त्या वाचनाला जबाबदारीही चिकटली. माझे म्हणणे थोडक्यात असे : ही शस्त्रक्रिया उपयोगी आहे, हे संशोधनाने नीट सिद्ध केले आहे. मात्र ज्या मोजपट्टीने ते सिद्ध झाले, ती प्रामुख्याने हातापायांची मोजपट्टी आहे. आवाज, तोल, स्वभाव आणि घर यांना तिच्यावर फार थोडी जागा मिळाली. कुटुंबे लाखो रुपयांचा निर्णय घेतात तेव्हा त्यांच्या मनात मात्र बऱ्याचदा याच गोष्टी असतात.

अपघातातून सापडलेली वाट

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांची निरीक्षणे लिहून या आजाराचे पहिले नीटस वर्णन केले. त्यांतले काही रुग्ण तर त्यांनी रस्त्यातच पाहिले होते. मेंदूत नेमके काय कमी पडते, याचा धागा हाती यायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. त्या धाग्याचे एक टोक मुंबईत आहे.

सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पूर्वापार वापरात होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी निबंध लिहिला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२मध्ये त्या मुळातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिले तेव्हा ससे जागच्या जागी थिजले, आणि लेव्होडोपा टोचल्यावर पुन्हा हलू लागले. मेंदूतल्या डोपामिनचे महत्त्व त्यातून उलगडत गेले. १९६०मध्ये व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्नीकिविच यांनी कंपवाताने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे दाखवले. १९६७मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपाच्या मोठ्या मात्रा देऊन रुग्णांना उभे केले. आज आपल्याकडच्या घरांत ‘सिंडोपा’ म्हणून जी गोळी ओळखीची आहे, तिचे मूळ हेच.

गोळीची अडचण काही वर्षांनी सुरू होते. तिचा अंमल कमी वेळ टिकू लागतो. माणूस दिवसातून अनेकदा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ होत राहतो. ‘ऑफ’मध्ये अंग लाकडासारखे, आणि ‘ऑन’मध्ये कधी कधी अंग आपोआप वळवळू लागते, तो डिस्कायनेशिया. रुग्ण आणि घरचे घड्याळाच्या काट्यावर जगू लागतात. शस्त्रक्रियेचा विचार येतो तो बहुधा या टप्प्यावर.

मेंदूवरच्या शस्त्रक्रियेची वाट मात्र गोळीच्याही आधी सापडली होती, तीही अपघाताने. १९५२मध्ये अमेरिकेत आयर्व्हिंग कूपर एका कंपवाताच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करत असताना मेंदूतली एक रक्तवाहिनी फाटली. ती बांधून शस्त्रक्रिया अर्धवट सोडावी लागली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा त्याचा कंप आणि ताठरता कमी झालेली होती. मेंदूच्या गाभ्यातला थॅलॅमस नावाच्या भागातला एखादा बिंदू मुद्दाम नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया पुढे रूढ झाल्या. जाळलेला भाग परत येत नाही, म्हणून जाळण्याआधी त्या जागी वीज सोडून जागा बरोबर आहे ना, हे सर्जन पाहत. १९८७मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद यांनी या तपासणीकडेच नीट पाहिले. विजेची आवर्तने सेकंदाला शंभराच्या आसपास नेली की कंप थांबत होता. मग जाळायचे कशाला, वीजच चालू ठेवावी, हा विचार त्यातून आला.

दुसरा धागा माकडांवरच्या प्रयोगांतून आला. १९८२मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचे कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेले काही तरुण अचानक कंपवातग्रस्तासारखे जखडून गेले. त्या भेसळीतले ‘एमपीटीपी’ हे विष दोषी होते. त्यामुळे हा आजार प्रयोगशाळेत माकडांमध्ये निर्माण करता येऊ लागला. १९९०मध्ये हागाई बर्गमन, थॉमस विचमन आणि मालोन डीलाँग यांनी दाखवले, की अशा माकडाच्या मेंदूतला सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हा छोटा भाग निकामी केला की माकड पुन्हा हालचाल करू लागते. १९९३मध्ये ग्रेनोबलच्या गटाने माणसाच्या मेंदूत नेमक्या याच ठिकाणी वीज सोडली. २०१४मध्ये बेनाबिद आणि डीलाँग यांना लास्कर पारितोषिक मिळाले.

हा भाग मसुराच्या दाण्यासारखा दोन्हीकडून फुगीर, लांबीला जेमतेम सेंटिमीटरभर. त्यात डावी-उजवीकडून एकेक बारीक तार सोडायची, ती कातडीखालून गळ्याच्या हाडाखाली आणायची, आणि तिथे पेसमेकरसारखी बॅटरी बसवायची. सेकंदाला साधारण १३० वेळा वीज जाते. ती त्या भागाला गप्प करते की त्यातला बिघडलेला ठेका मोडून काढते, यावर संशोधकांत अजून वाद आहे. तार मात्र आजार बरा करत नाही. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत राहतात. वीज लक्षणे झाकते, आणि तेही वीज चालू असेपर्यंत.

पुरावा किती पक्का?

या क्षेत्रातल्या मोठ्या चाचण्या बारकाईने वाचल्यावर पहिली भावना आदराची होते. २००६मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या १५६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना शस्त्रक्रिया, अर्ध्यांना उत्तम औषधोपचार. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात जीवनमानाचा गुणांक सुमारे एक चतुर्थांशाने सुधारला, औषधांच्या गटात जवळजवळ हललाच नाही. २००९मध्ये अमेरिकेतल्या २५५ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेने दिवसातले ‘ऑन’चे चांगले तास सरासरी ४.६ने वाढले. औषधांच्या गटात वाढ शून्य. २०१३च्या फ्रान्स-जर्मनीतल्या चाचणीत २५१ रुग्ण होते, सरासरी वय ५२. दोन वर्षांनी जीवनमान शस्त्रक्रियेच्या गटात २६ टक्के सुधारले, दुसऱ्या गटात एक टक्का घसरले.

याच निबंधांत दुसरी बाजूही छापलेली आहे. २००६च्या चाचणीत गंभीर त्रास शस्त्रक्रियेच्या गटात १३ टक्के, तर औषधांच्या गटात ४ टक्के. एका रुग्णाचा मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू झाला. २००९च्या चाचणीत हेच प्रमाण ४० आणि ११ टक्के होते. त्यातले बहुतेक त्रास सहा महिन्यांत निवळले, हेही खरे. पण जाहिरातीत ४.६ तास येतात, ४० टक्के येत नाहीत.

माझा आक्षेप थोडा अधिक खोलवरचा आहे. या तिन्ही चाचण्यांत रुग्णाला आपण कोणत्या गटात आहोत हे ठाऊक होते. डोक्याला भोक पाडले आहे की नाही, हे लपवणार कसे? आणि कंपवात हा असा आजार आहे, जिथे नुसत्या आशेलाही शरीर उत्तर देते. २००१मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कंपवाताच्या रुग्णांना औषध म्हणून बिनऔषधी द्रव्य टोचले, तर त्यांच्या मेंदूत खरोखरीचे डोपामिन स्रवले. म्हणजे इथे आशा हेच एक लहानसे औषध आहे. आणि ज्यांच्या वाट्याला शस्त्रक्रिया आली नाही, त्यांची निराशाही आकड्यांत उतरत असणार.

या दृष्टीने २०१२मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेली मायकेल ओकुन आणि सहकाऱ्यांची चाचणी मला सगळ्यांत बोलकी वाटते. तिच्यात १३६ रुग्णांना तार आणि बॅटरी बसवली, पण ३५ जणांची वीज पहिले तीन महिने चालू केली नाही. वीज चालू असलेल्यांचे ‘ऑन’चे चांगले तास ४.२७ने वाढले. वीज बंद असलेल्यांचे १.७७ने. तार घालताना त्या भागाला होणाऱ्या सूक्ष्म इजेचा त्यात वाटा असेल, आशेचा असेल. दोन्ही वजा केल्यावर उरतात सुमारे अडीच तास. दिवसातले अडीच तास मोकळे मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्याने दुपारचे तास अंथरुणात ताठून काढले आहेत, त्याला विचारा. पण साडेचार आणि अडीच यांतले अंतर कुटुंबाला कोणी समजावून सांगत नाही.

मोजपट्टीबाहेर राहिलेले

यश मोजायला ‘यूपीडीआरएस’ नावाची गुणपत्रिका वापरतात. तिचा तिसरा भाग हालचालींचा. बोटे किती वेगाने टेकवता येतात, मनगट किती ताठ आहे, खुर्चीतून उठता येते का, अशा सगळ्याला शून्य ते चार गुण. बहुतेक गुण हातापायांचे. बोलण्याला त्यात एकच प्रश्न. हात आणि पाय प्रत्येकी अनेकदा मोजले जातात, आवाज एकदा. तेव्हा बेरीज सुधारली म्हणजे माणूस सुधारला, असे म्हणताना जपून म्हणायला हवे.

ग्रेनोबलच्याच गटाने २००३मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये ४९ रुग्णांची पाच वर्षांची हकिकत प्रसिद्ध केली. गोळी न घेतलेल्या अवस्थेत हालचालींचे गुण पाच वर्षांनंतरही ५४ टक्के सुधारलेले होते. एवढे टिकाऊ यश या आजारात विरळाच. पण त्याच निबंधात म्हटले आहे, की त्या अवस्थेत बोलणे ही एकच गोष्ट सुधारली नाही. आणि गोळी घेतलेल्या अवस्थेत पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत बोलणे, तोल आणि चालताना पाय जमिनीला चिकटणे या गोष्टी बिघडतच गेल्या. आजार पुढे सरकतो, त्याचा हा भाग असतो. काही वेळा वीज शेजारच्या तंतूंपर्यंत पसरते आणि जीभ जड होते. वीज कमी केली तर आवाज थोडा मोकळा होतो, पण हात पुन्हा आखडतो. मग प्रत्येक भेटीत डॉक्टर आणि रुग्ण हात आणि आवाज यांच्यात सौदा करत बसतात.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक या सौद्यातून गेले. शस्त्रक्रिया चांगली झाली, हात सुटला, अक्षर परत आले. चौथ्या वर्षापासून आवाज बसत गेला. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “सही झकास करतात हो. पण आतल्या खोलीतून हाक मारली तर ऐकू येत नाही.” यूपीडीआरएसच्या पत्रिकेवर हे गृहस्थ यशस्वी ठरतील, आणि ते रास्तही आहे. पण ज्याने तीस वर्षे वर्गात बोलून पोट भरले, त्याला शस्त्रक्रियेआधी हे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले होते का, असे विचारल्यावर दोघांनीही मान हलवली. नाही.

आवाजानंतर प्रश्न येतो मनाचा. २००६मध्ये पॅरिसच्या एका गटाने २९ रुग्णांच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर सविस्तर मुलाखती घेतल्या. हालचाली सुधारल्या होत्या, तरी अनेकांचे स्वतःशी, जोडीदाराशी आणि कामाशी असलेले नाते विस्कटले होते. वर्षानुवर्षे आजाराभोवती बांधलेले घर, आजार मागे हटल्यावर कसे चालवायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सेवा करणारी पत्नी आणि सेवा घेणारा पती या भूमिका अचानक रिकाम्या झाल्या. मुंबईच्या डॉक्टरांनीही २००२मध्ये ‘मूव्हमेंट डिसऑर्डर्स’ या नियतकालिकात शस्त्रक्रियेनंतर आलेल्या नैराश्याची आणि त्यातून झालेल्या आत्महत्येच्या प्रयत्नाची नोंद प्रसिद्ध केली होती. स्वतः केलेल्या कामाची ही बाजू छापायला धैर्य लागते, म्हणून मी तिचा मुद्दाम उल्लेख करतो. अशा नोंदी मोजक्या रुग्णांच्या असतात, त्यावरून प्रमाण ठरवता येत नाही. पण शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मनाचीही तपासणी व्हायला हवी, एवढे त्या निश्चित सांगतात.

कोणाची तपासणी, कोणासाठी?

चाचण्यांत घेतलेला रुग्ण निवडक असतो. स्मृतिभ्रंश नसलेला, तीव्र नैराश्य नसलेला, वय फार पुढे न गेलेले, आणि मुख्य म्हणजे लेव्होडोपाला चांगला प्रतिसाद देणारा. हा शेवटचा निकष प्रत्येक कुटुंबाने पाठ करून ठेवावा असा आहे. रात्रभर गोळी थांबवून सकाळी गुण मोजतात, मग गोळी देऊन पुन्हा मोजतात. साधारणपणे तीस टक्के तरी फरक पडावा, अशी अपेक्षा असते. कंप सोडला तर गोळीच्या सर्वोत्तम तासात जे जमते, तेच शस्त्रक्रिया दिवसभर पसरवून देते. त्या तासातही ज्याचा तोल जातो, त्याचा तोल तारेने येण्याची आशा धरू नये. ‘गोळी चालतच नाही, आता ऑपरेशन करू’ हे म्हणणे म्हणूनच बहुधा उलट्या दिशेचे असते.

या चाचण्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या, आणि त्यांत पुरुष बहुसंख्य. अमेरिकेतली २००९ची चाचणी तर माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या पुढाकाराने झालेली. तिथे बॅटरीचे मापन करायला रुग्ण ठरल्या दिवशी येतो. आपल्याकडे गडचिरोलीहून किंवा सावंतवाडीहून मुंबई-पुण्याला यायचे म्हणजे दोन दिवस, सोबत एक माणूस, मुक्कामाचा खर्च. पहिल्या वर्षात अशा फेऱ्या अनेक. शस्त्रक्रियेचा खर्चच कित्येक लाखांत जातो. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, म्हणजे पुन्हा कापणे आणि पुन्हा खर्च. रिचार्ज होणारी जास्त वर्षे टिकते, पण आधीच महाग. चाचण्यांचा कालावधी सहा महिने ते दोन वर्षे. कुटुंबाचा हिशेब दहा-पंधरा वर्षांचा.

इथलीच माहिती इथे गोळा करता येते, याचे उदाहरण आपल्याजवळ आहे. १९८८मध्ये डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. कंपवाताचे प्रमाण लाखामागे ३२८ निघाले. आजही जगभरचे अभ्यासक तो आकडा वापरतात. ज्या चिकाटीने रुग्ण मोजले गेले, त्याच चिकाटीने तार बसवलेल्या प्रत्येकाचे पाचव्या आणि दहाव्या वर्षी काय झाले, हे महाराष्ट्रात मोजले जावे आणि सर्वांना वाचायला मिळावे, ही माझी मागणी आहे. त्यात आवाजाचे वेगळे गुण असावेत, आणि घरच्या माणसाचा स्वतंत्र जबाब असावा.

नवे यंत्र, जुनी पट्टी

आता ‘अनुकूली’ उत्तेजनाचा बोलबाला आहे. सबथॅलॅमिक न्यूक्लिअसमध्ये सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांच्या ‘बीटा’ लहरी वाढल्या की शरीर मंदावते आणि ताठते. यंत्राने त्या लहरी ऐकायच्या आणि लागेल तेव्हाच वीज सोडायची, अशी ही कल्पना. २०१३मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर ब्राऊन यांच्या गटाने आठ रुग्णांवर ती करून पाहिली. वीज निम्म्याहून कमी वेळ लागली आणि परिणाम सततच्या विजेपेक्षा चांगला आला. २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा यंत्राला मान्यता दिली.

कल्पना सुंदर आहे. पण यंत्र जे ऐकते, त्यावरच ते सुधारणार. बीटा लहरींचा संबंध मंदपणाशी आणि ताठरतेशी घट्ट आहे, कंपाशी तितका नाही. बोलताना शब्द न सापडणे किंवा अचानक उदास होणे यांसाठी त्या लहरींकडे पाहून भागणार नाही. मोजपट्टी अपुरी होती, आता तीच यंत्राच्या आत जाऊन बसत आहे, ही माझी चिंता आहे.

विचारायचे प्रश्न

मी कोणाला ‘करू नका’ असे सांगत नाही. योग्य रुग्णाला, योग्य वेळी, अनुभवी हातांनी केलेली ही शस्त्रक्रिया आयुष्य मोकळे करते. सल्ला विचारणाऱ्यांना मी पाच प्रश्न लिहून देतो. गोळीच्या चाचणीत किती टक्के फरक पडला? आमच्या माणसाच्या तक्रारींतल्या कोणत्या कमी होतील आणि कोणत्या राहतील? आवाज आणि शब्द यांची तपासणी आधी झाली का? बॅटरीचे मापन कोण करणार, कुठे, आणि वर्षातून किती वेळा? आणि पाच वर्षे झालेल्या एखाद्या रुग्णाला, त्याच्या घरच्यांसह, भेटता येईल का? पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत अशी माणसे भेटू शकतात, आणि ती मोकळेपणाने बोलतात.

ग्रेनोबलच्या संशोधकांनी आपल्याच यशाच्या निबंधात ‘बोलणे सुधारले नाही’ हे वाक्य स्वच्छ लिहिले. ते वाक्य तिथून निघून आपल्या दवाखान्यातल्या सल्ल्यापर्यंत पोहोचत नाही, ते वाटेत कुठेतरी गळून पडते. रुग्ण आणि घरचे शस्त्रक्रियेला होकार देतात त्या टेबलावर ते वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरांत असायला हवे. त्यानंतरही होकार आला, तर तो खरा होकार.